मुलाखतीत घाम फुटतो? डोकं शांत कसं ठेवायचं. एसएसबी, एमपीएससीपासून एमआयडीसीपर्यंत उपयोगी माहिती

नाशिक : लेखी परीक्षा निघते, मैदानही निघतं, पण मुलाखतीच्या खोलीत पाय ठेवला की तोंडाला कोरड पडते आणि येत असलेलं उत्तरही आठवत नाही. जिल्ह्याच्या ग्रामीण तालुक्यांतल्या अनेक मुलामुलींची ही अडचण आहे. घरच्यांनी दोन-तीन वर्षं कांद्याचे, द्राक्षाचे पैसे क्लासला आणि शहरातल्या खोलीभाड्याला लावलेले असतात. ते सगळं शेवटी अर्ध्या तासाच्या बोलण्यावर येऊन थांबतं. मग उमेदवार म्हणतो, "आपला स्वभावच घाबरट, आपल्याला नाही जमणार."

स्वभावाचा भाग थोडा असतोच. पण मुलाखतीतली बरीचशी भीती येते ती समोर काय होणार हे माहीत नसल्यामुळे. काय विचारतात, का विचारतात आणि उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे आधी समजून घेतलं आणि चार लोकांसमोर बसून सराव केला, तर हात थरथरणं बरंच कमी होतं. त्यासाठी लागणारी माहिती इथे एकत्र दिली आहे.

आधी बघा, मुलाखत आहे का?

अनेक भरत्यांना आता मुलाखतच नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीत ५० गुणांची मैदानी आणि १०० गुणांची लेखी परीक्षा होते, मुलाखत नसते. २०२३ ची तलाठी भरतीही २०० गुणांच्या ऑनलाइन परीक्षेवरच झाली.

जिथे मुलाखत आहे, तिथे मात्र ती निकाल फिरवू शकते. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेत पूर्वी मुख्य परीक्षा ८०० आणि मुलाखत १०० गुणांची होती. २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत लागू झाली, त्यात लेखी १७५० आणि मुलाखत २७५ गुणांची आहे. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतही हेच प्रमाण आहे. बँकांच्या पीओ पदासाठी आयबीपीएसमार्फत १०० गुणांची मुलाखत होते. अंतिम यादीत मुख्य परीक्षेला ८० टक्के आणि मुलाखतीला २० टक्के वजन मिळतं. सगळ्यांत जड मुलाखत आहे ती सैन्यदलातल्या अधिकारी पदाची. एनडीएसाठी लेखी परीक्षा ९०० गुणांची, तर एसएसबीही ९०० गुणांची. म्हणजे निम्मे गुण तिथेच.

याशिवाय सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी भागातल्या कारखान्यांत आयटीआय आणि डिप्लोमावाल्या मुलांच्या मुलाखती होतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत उरकतात, पण घर चालण्याचा प्रश्न असेल तर ताण तेवढाच असतो.

अंगात नेमकं काय होतं?

धोका दिसला की शरीर ॲड्रेनालिन सोडतं. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, तोंड कोरडं होतं. रात्री शेतात पाणी भरायला गेल्यावर बिबट्याचा आवाज आला की अंगात जे होतं, तेच इथे होतं. पळायला किंवा लढायला ते उपयोगी पडतं, पण खुर्चीत बसून शांतपणे बोलायला अडचणीचं ठरतं.

मुलाखतीला घाबरणारे फक्त आपणच, असं वाटून घेण्याचं कारण नाही. जर्मनीतल्या ट्रायर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना माणसाच्या अंगातला ताण मोजायचा होता. प्रयोगशाळेत मुद्दाम ताण आणायचा कसा, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९९३ मध्ये त्यांनी जी पद्धत प्रसिद्ध केली ती होती खोटी नोकरीची मुलाखत! समोर अजिबात न हसणारी माणसं आणि कॅमेरा. पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं, नंतर पाच मिनिटं १०२२ मधून १३ वजा करत तोंडी उत्तरं सांगायची. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. ही पद्धत आज जगभर वापरली जाते. शिकलेले, शहरातले, इंग्रजी बोलणारे लोकही तिथे घामाघूम होतात.

त्यातली कामाची गोष्ट पुढे आहे. तीच चाचणी त्याच लोकांना पुन्हा पुन्हा द्यायला लावली, तेव्हा बहुतेकांच्या अंगातला ताण उतरत गेला. काही जणांचा फारसा उतरला नाही, हेही दिसलं. पण बहुतेकांना सरावाने फरक पडतो. गावात राहून असा सराव कसा करायचा, ते पुढे दिलं आहे.

दुसरा एक अभ्यास अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातला, २०१४ चा. भाषणासारख्या कामाआधी काही जणांना "मी शांत आहे" असं आणि काहींना "मला उत्साह वाटतोय" असं म्हणायला लावलं. उत्साह म्हणणाऱ्यांची कामगिरी जास्त चांगली झाली. धडधडणारी छाती हुकूम देऊन थांबत नाही. ती तयारीची धडधड आहे असं मानलं, तर ती निदान आडवी येत नाही.

पॅनलला काय बघायचं असतं?

पॅनल आपली फजिती करायला बसलं आहे, असा अनेकांचा समज असतो. यूपीएससीच्या परीक्षेच्या अधिसूचनेतच मुलाखतीबद्दल स्पष्ट लिहिलेलं असतं. ही उलटतपासणी नसून सहज, पण हेतू ठेवून केलेला संवाद आहे, असा त्याचा अर्थ. ज्ञानाची परीक्षा लेखीत झालेली असते. इथे बघायचं असतं ते उमेदवाराचं भान, मुद्दा सुटसुटीत मांडण्याची ताकद, दोन्ही बाजू तोलण्याची सवय आणि प्रामाणिकपणा.

त्यामुळे एखादा सदस्य मुद्दाम उलटं बोलतो, "तुमचं म्हणणं मला पटत नाही" म्हणतो, तेव्हा तो भांडत नसतो. उद्या तहसीलदाराच्या खुर्चीत बसल्यावर दारात मोर्चा आला तर हा माणूस चिडेल का, रडेल का, की ऐकून घेईल, एवढंच त्याला बघायचं असतं. अशा वेळी लगेच माघार घेऊन "हो सर, तुमचंच बरोबर" म्हणणंही चुकीचं आणि वाद घालत बसणंही चुकीचं. "सर, तुमचा मुद्दा लक्षात आला. तरी मला असं वाटतं, कारण..." एवढं सावकाश बोलावं. समोरच्याने नवीन माहिती दिली आणि ती पटली, तर तसं मान्य करावं.

एसएसबी : पाच दिवस चालणारी मुलाखत

ताणाखाली माणूस कसा वागतो हे बघण्यासाठीच एसएसबीची रचना आहे. दुसऱ्या महायुद्धात अधिकारी पटापट निवडायचे होते आणि थोड्या वेळाच्या मुलाखतीतून निवडलेले अनेक जण प्रशिक्षणात टिकत नव्हते. म्हणून ब्रिटिश लष्कराने १९४२ मध्ये निवड मंडळाची पद्धत आणली. त्याच धर्तीवर १९४३ मध्ये भारतात डेहराडूनला पहिलं मंडळ सुरू झालं. आता भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू, जालंधर इथे लष्कराची केंद्रं आहेत. नौदल आणि हवाई दलाची केंद्रं वेगळी आहेत.

पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी होते आणि अंधूक चित्र ३० सेकंद दाखवून त्यावर गोष्ट लिहायला लावतात. मग ती गोष्ट गटापुढे सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे सगळे एकदम ओरडायला लागतात. उमेदवारांच्या भाषेत याला 'मच्छी बाजार' म्हणतात. जो मोठ्याने ओरडतो तो पुढे जातो असं नाही. दोन मुद्दे नीट मांडणारा आणि दुसऱ्याला बोलू देणाराही लक्षात येतो. या चाळणीत जे राहतात ते त्याच दिवशी घरी परततात.

पुढे मानसशास्त्रीय चाचण्या असतात. बारा चित्रांवर गोष्टी, प्रत्येकीला चार मिनिटं, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. साठ शब्द, प्रत्येक शब्दाला १५ सेकंद. साठ प्रसंग, मिळून ३० मिनिटं. वेळ मुद्दाम कमी दिलेला असतो, त्यामुळे पाठ केलेलं काही चालत नाही. नंतर मैदानावर गटाची कामं, तीन मिनिटांचं छोटं भाषण, अडथळे, आणि एका अधिकाऱ्यासोबत सविस्तर मुलाखत. शेवटच्या दिवशी सगळे परीक्षक एकत्र बसून निर्णय घेतात.

या तयारीसाठी नाशिकची मुलं नशीबवान आहेत. राज्य शासनाच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. तिथे एसएसबीचं पत्र आलेल्या राज्यातल्या मुलामुलींना प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत मिळतं. एनडीए किंवा सीडीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेले, एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र ए किंवा बी ग्रेडने मिळवून एसएसबीसाठी शिफारस झालेले, टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्सचं एसएसबी पत्र आलेले, असे उमेदवार पात्र ठरतात. प्रवेशासाठी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जावं लागतं.

दहावीनंतर एनडीएकडे जायचं असेल तर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ पासून नाशिकमध्ये सुरू झाली. एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्यामुळे आता "मुलींना कुठे घेतात" असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

प्रश्नांची सरबत्ती आली तर?

एसएसबीच्या मुलाखतीत एक प्रकार ठरलेला असतो. अधिकारी एका दमात दहा-बारा प्रश्न विचारतो. दहावीला किती टक्के, बारावीला किती, कमी का पडले, आवडता शिक्षक कोण, न आवडणारा कोण, मित्र कोण, त्यांच्यात काय चांगलं, फावल्या वेळात काय करता, घरात कुणाशी जास्त पटतं... आणि मग म्हणतो, "आता सांगा."

इथे भंबेरी उडते ती सगळं लक्षात ठेवायच्या नादात. यावर साधा उपाय आहे. विचारलेल्या क्रमाने उत्तरं द्यायला सुरुवात करावी, कारण हे प्रश्न बहुधा शाळेपासून आजपर्यंत असे ओळीने येतात. मध्येच एखादा प्रश्न विसरला तर "सर, पुढचा प्रश्न पुन्हा सांगाल का?" असं सरळ विचारावं. त्यात कमीपणा नाही. विसरलेलं लपवण्यासाठी काहीतरी ठोकून देणं मात्र लगेच दिसून येतं.

एमपीएससीत आणि कंपनीतही असं होतं. एका सदस्याचा प्रश्न संपत नाही तोवर दुसरा विचारतो. अशा वेळी "सर, आधी यांचं उत्तर पूर्ण करतो, मग आपल्या प्रश्नाकडे येतो" असं म्हणता येतं.

आपला अर्ज आणि आपला तालुका

ग्रामीण उमेदवाराला वाटतं की जगभराचं विचारतील. प्रत्यक्षात बरेचसे प्रश्न त्यानेच भरलेल्या अर्जातून निघतात. गाव, तालुका, आडनाव, वडिलांचा व्यवसाय, पदवीचा विषय, छंद. हीच जमीन आपल्या पायाखालची आहे. इथे पाय रोवला की पुढचं सोपं जातं.

छंद म्हणून 'वाचन' लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं, त्यात काय आवडलं हे सांगता आलं पाहिजे. नसेल वाचलं तर लिहूच नये. विहिरीत पोहणं, शेळ्या पाळणं, भजनात टाळ वाजवणं हेही छंदच आहेत आणि त्यावर उमेदवार न अडखळता बोलू शकतो.

आपल्या तालुक्याबद्दल निदान एवढं माहीत हवं :

- निफाड : आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखलं जाणारं लासलगाव, नांदूरमध्यमेश्वर, जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर पाणथळ ठिकाण ठरलं.
- येवला : पैठणी, १३ ऑक्टोबर १९३५ ची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची धर्मांतराची घोषणा.
- त्र्यंबकेश्वर : गोदावरीचा उगम, सिंहस्थ कुंभमेळा, दादासाहेब फाळके यांचा १८७० चा जन्म.
- चांदवड : होळकरांचा रंगमहाल, तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरले.
- सिन्नर : गोंदेश्वर मंदिर आणि औद्योगिक वसाहत.
- मालेगाव : यंत्रमाग.
- दिंडोरी : द्राक्षं, वाइन, मोहाडीची सह्याद्री फार्म्स.
- सुरगाणा, पेठ : पावसाळ्यात धो धो पाऊस, उन्हाळ्यात पाण्याचे हाल, मार्च २०१८ चा नाशिक ते मुंबई शेतकरी मोर्चा.
- नाशिक शहर : २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह.

नुसती नावं पाठ करून भागत नाही. निफाडच्या उमेदवाराला हमखास विचारतील, "कांद्याचा प्रश्न काय आहे?" तेव्हा घरचा राग बाहेर येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क रद्द झालं. या काळात घरच्या चाळीत कांदा सडलेला असेल तर आवाज चढणारच. पण हेच उत्तर तोलून देता येतं. आधी घटनाक्रम सांगावा. मग शहरातल्या गिऱ्हाइकाला महागाई झेपत नाही ही सरकारची अडचण सांगावी. मग धोरण अचानक बदललं की शेतकरी आणि परदेशातला खरेदीदार दोघांचा भरवसा उडतो, हे सांगावं. शेवटी साठवणूक, प्रक्रिया, आधी जाहीर केलेलं धोरण असे उपाय मांडावेत. आपल्या घरी कांदा आहे हेही सांगायला हरकत नाही. तिथे बसलेल्या कुणालाही चाळीतला कांदा तेवढा माहीत नसतो.

'माहीत नाही' म्हणायला शिका

सगळ्यांत जास्त घाम फुटतो तो उत्तर येत नसताना. शाळेत गप्प राहिलं की मार खायची सवय असते, म्हणून पोरं काहीतरी ठोकून देतात. पॅनलवरचा माणूस त्या विषयातला असला, तर तो त्याच धाग्याला धरून पुढचे तीन प्रश्न विचारतो आणि उमेदवार खोल खड्ड्यात जातो.

"सर, मला याची माहिती नाही" हे पूर्ण उत्तर आहे. मान खाली न घालता, दोनदा माफी न मागता म्हणावं आणि पुढच्या प्रश्नाला तयार राहावं. थोडंफार माहीत असेल तर "नक्की आकडा सांगता येणार नाही, पण विषय साधारण असा आहे" म्हणावं. अंदाज करायचा असेल तर "अंदाजाने सांगू का?" असं विचारून घ्यावं. दोन-तीन प्रश्न आले नाहीत म्हणून मुलाखत गेली असं समजू नये. खरं नुकसान होतं ते एका न आलेल्या प्रश्नाचा विचार करत पुढच्या पाच प्रश्नांकडे दुर्लक्ष केल्याने.

आलेल्या प्रश्नालाही लगेच तोंड उघडू नये. दोन-तीन सेकंद थांबलेलं समोरच्याला खटकत नाही. आपल्याला ते तासाभराएवढे वाटतात, एवढंच.

टोचणारे प्रश्न

काही प्रश्न ज्ञानाचे नसतात, ते दुखऱ्या जागी लागतात. त्यांची उत्तरं घरीच ठरवून ठेवावीत.

"पाच वर्षं परीक्षा देताय, मिळालं काय?" यावर चेहरा पडतो. खरं काय ते सरळ सांगावं. किती वेळा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, कुठे कमी पडलो, काय बदललं आणि मधल्या काळात घरची शेती, दुकान, शिकवणी काय केलं. काम केलं असेल तर ते रिकामे दिवस नव्हते. कंपनीत हाच प्रश्न "गॅप का पडला?" असा येतो. खोटा अनुभव दाखवू नये. कागदपत्रं तपासताना ते उघडं पडतं.

"कांदा काढणीला, छाटणीला सुट्ट्या मारणार का?" हा कारखान्यातला प्रश्न. "कधीच नाही" म्हटलं तर कुणी मानत नाही. घरी कोण शेती बघतं, मजूर कसे लावणार, शिफ्ट कशी सांभाळणार, गावाहून येण्या-जाण्याची काय सोय आहे, हे सांगितलं की समोरच्याची शंका मिटते.

"लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का?" असं मुलींना अजूनही विचारलं जातं. राग येणं साहजिक आहे. "नोकरी करण्याचा माझा निर्णय पक्का आहे. कामाबद्दल काही शंका असेल तर जरूर विचारा" असं एका दमात सांगून गप्प बसावं. सासर, माहेर, होणारा नवरा असं स्पष्टीकरण देत बसण्याची गरज नाही.

"पगार किती हवा?" याला "तुम्ही द्याल तो" म्हणू नये. त्या कामाचा त्या वसाहतीत साधारण किती पगार चालतो हे दोघा-तिघांना विचारून जावं आणि आकडा सांगावा.

इंग्रजी येत नाही, मग?

राज्यसेवेची मुलाखत मराठीत देता येते. यूपीएससीतही मुख्य परीक्षा मराठीतून लिहिली असेल तर मुलाखत मराठीत देता येते. बँकेत हिंदी चालते. एसएसबीत मात्र इंग्रजीची सवय लागते. तिथेही साहेबी इंग्रजीची अपेक्षा नसते. छोटी, सरळ वाक्यं बोलली तरी चालतं. अडलं तर हिंदी शब्द आला म्हणून आभाळ कोसळत नाही.

बोलीबद्दलही लाज नको. 'न' आणि 'ण' मध्ये गडबड झाली म्हणून कुणी नापास करत नाही. ओढूनताणून पुणेरी बोलायला गेलं की मधेच घसरतं आणि मग सगळं लक्ष भाषेकडेच जातं. घरी मोठ्या माणसाशी आदराने बोलतो तसं बोलावं.

गावात सराव कसा करायचा?

- तीन माणसं जमवा. शाळेतले गुरुजी, निवृत्त फौजी, बँकेत किंवा पतसंस्थेत काम केलेले कुणी. एक तरी माणूस ओळखीचा नसलेला हवा.
- मित्रांसमोर हसण्यात वेळ जातो. शाळेच्या खोलीत टेबल-खुर्ची मांडा, दार वाजवून आत या. पॅनलने हसायचं नाही.
- एकाने मुद्दाम मध्येच तोडायचं, उलट बोलायचं. २० ते ३० मिनिटं थांबायचं नाही.
- मोबाइलवर चित्रण करा. स्वतःला बघायला लाज वाटते, पण पाय हलवणं, "म्हणजे, म्हणजे" करणं, छताकडे बघणं तिथेच कळतं.
- एकदा करून सोडू नका. आठ-दहा वेळा, दरवेळी एखादा नवीन माणूस घेऊन करा.

उत्तरं शब्दाला शब्द पाठ करू नका. एक शब्द निसटला की सगळी साखळी तुटते. प्रत्येक विषयाचे तीन मुद्दे लक्षात ठेवा आणि वाक्यं त्या वेळी सुचतील तशी बोला.

श्वासाचा उपयोग

श्वास हळू सोडला की हृदयाची गती उतरते. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यायचा, पोट फुगलं पाहिजे. सहा अंक मोजत सोडायचा. पाच मिनिटं. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. त्या दहा दिवसांचीही सुरुवात नुसता श्वास बघण्यापासूनच होते. पण हे मुलाखतीच्या दारात पहिल्यांदा करून चालत नाही. महिनाभर रोज सकाळी केलं तर त्या दिवशी उपयोगी पडतं.

त्या दिवशी

आदल्या दिवशीच त्या गावात पोहोचा. पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहू नका. मूळ कागदपत्रं, झेरॉक्स, फोटो रात्रीच एका फाइलमध्ये लावा. नवे बूट आणि नवे कपडे आधी दोनदा वापरून बघा. रात्री नवीन काही वाचू नका. सकाळी हलकं खा, चहावर चहा पिऊ नका, त्याने धडधड वाढते. बाहेर बसलेली मुलं "तुला हे माहीतये का, ते माहीतये का" सुरू करतात, त्यांच्यापासून जरा बाजूला बसा. आत गेल्यावर नमस्कार करा, सांगितल्यावर बसा, दोन्ही पाय जमिनीला टेकवा. हात थरथरत असतील तर मांडीवर ठेवा. पाणी पुढे असेल तर मागून प्या.

एसएसबीला त्या प्रकारच्या भरतीसाठी पहिल्यांदाच जात असाल तर प्रवासभाडं परत मिळतं, म्हणून तिकीट जपून ठेवा.

'सेटिंग'वाल्यांपासून सावध

मुलाखतीची भीती हाच काही जणांचा धंदा आहे. "पॅनलमध्ये आपला माणूस आहे, एवढे लाख द्या" असं सांगणारे तालुक्याच्या गावातही भेटतात. त्यांची युक्ती ठरलेली असते. दहा जणांकडून पैसे घ्यायचे, त्यातले एक-दोन स्वतःच्या मेहनतीने निवडले जातात, ते "आपणच लावले" म्हणायचं. बाकीच्यांचे पैसे बुडतात. मुलाखतीच्या नावाखाली 'डिपॉझिट' मागणारे फोन आणि व्हॉट्सॲपवरची पत्रंही येतात. मुलाखतीचं पत्र नेहमी त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन तपासा. पैसे गेले असतील तर लाजू नका, पोलीस ठाण्यात किंवा १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

नाही झालं तर

एसएसबीत पहिल्या वेळी नापास होऊन तिसऱ्या-चौथ्या वेळी निवड झालेले अधिकारी सैन्यात आहेत. वय बसत असेल तोवर पुन्हा जाता येतं. परतल्यावर त्याच दिवशी, विसरायच्या आत, विचारलेले सगळे प्रश्न आणि आपण दिलेली उत्तरं वहीत लिहून काढा. पुढच्या वेळची तयारी तिथूनच सुरू होते.

घरच्यांनीही एक काळजी घ्यावी. मुलगा किंवा मुलगी मुलाखत देऊन आल्यावर दारातच "काय झालं, लागणार का?" असं विचारू नये. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधीच सांगून ठेवू नये. आधी जेवायला वाढावं. सांगायचं ते पोरं आपणहून सांगतात. निकालानंतर कुणी गप्प गप्प राहत असेल, जेवत-झोपत नसेल तर 'टेली मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.